केडगावच्या बाईंचा कारभार

१८९३ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पुण्याच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेशी असलेला सल्लागारपदाचा संबंध तोडला. पंडिता रमाबाईंच्या पाठीशी शहरातली जी मोजकी वजनदार माणसे उभी होती, त्यांत ही दोन नावे सर्वांत वरची. ती बाजूला झाली आणि पालकांचा धीर सुटला. पंचवीसेक मुली घरी नेण्यात आल्या. त्यांतल्या कितीतरी बालविधवा होत्या. घरी त्यांची वाट पाहत होते ते माजघर, मुंडण आणि एकवेळचे जेवण. रमाबाईंना हे कोणी सांगायला नको होते. त्यांनी सदन काढले होते तेच या मुलींना त्यातून बाहेर आणण्यासाठी.

या प्रसंगात चूक कोणाची, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. ख्रिस्ती माणसाने लोकांचे नेतृत्व कसे करावे, हा आजचा विषय समजून घ्यायला मात्र या वादाइतकी चांगली जागा दुसरी नाही. इथे कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणी खोटे कागद केले नव्हते. दोन्ही बाजूंना सचोटीची चाड असलेली माणसे होती. तरी तुटले. सचोटी म्हणजे फक्त चोरी न करणे, एवढ्यावर जे थांबतात त्यांच्यासाठी हा प्रसंग अवघड आहे.

शारदा सदन उभे राहिले ते अमेरिकेतल्या पैशावर. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तिकडेच राहून त्यांनी गावोगाव भाषणे केली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते हातोहात खपले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे खर्च उचलण्याची हमी दिली. असोसिएशनमध्ये वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती होते, अध्यक्ष युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल. तिथे ठरले की शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. मुलींनी आपापले सोवळेओवळे पाळावे, ब्राह्मण स्वयंपाकीण ठेवावी, पूजाअर्चा करावी, याला रमाबाईंची कधी आडकाठी नव्हती. मुंबईतच सदनात आलेल्या गोदूबाई या विधवा विद्यार्थिनीने पुढे, १८९३ च्या मार्चमध्ये, धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला. आनंदीबाई कर्वे ऊर्फ बाया त्या याच. सदनाने काय केले याचा याहून बोलका दाखला कोणता द्यायचा?

मग बिघडले कुठे? रमाबाई रोज आपल्या खोलीत, मुलगी मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार लावत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि हाकललेही नाही. वादाचे मूळ एवढेच.

पालक म्हणाले, आम्ही मुली शिकायला पाठवल्या, बाटवायला नव्हे. ‘केसरी’ने तोफा डागल्या. ‘रेव्हरंडा’ ही कुचकी कोटीही त्यांच्यावर झाली. सल्लागारांचे म्हणणे अधिक मोजूनमापून होते. संस्था धर्मनिरपेक्ष म्हणून लोकांपुढे मांडली आहे, पालकांनी त्या भरवशावर मुली सोपवल्या आहेत, तेव्हा संचालिकेने आपल्या प्रार्थनेत या मुलींना बसू देणे हा त्या भरवशाला धक्का आहे. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. दहा-पंधरा वर्षांच्या अनाथप्राय मुलीला जी बाई आईच्या मायेने वागवते, त्या बाईने काही सांगितले नाही तरी तिचे नुसते असणेही शिकवणच असते. रानड्यांना ही गोष्ट कळत होती. स्वतः रानडे त्या दिवसांत दुहेरी चिमट्यात होते, हेही विसरू नये. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उठले होते आणि त्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले होते. पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घालणारा, सर्वांना एका मांडवाखाली आणू पाहणारा हा माणूस, त्याला शारदा सदनासाठी किती ताणायचे याची मर्यादा होती.

रमाबाईंचे उत्तर सरळ होते. शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे वचन आपण पाळले आहे. पण आपण ख्रिस्ती आहोत हे लपवून ठेवू, असे वचन आपण दिलेले नाही. मुली आपला धर्म पाळायला जशा मोकळ्या आहेत, तशीच त्यांची संचालिकाही. दार लावून घेऊन प्रार्थना केली असती तर सदन वाचले असते, देणग्या चालू राहिल्या असत्या, रानडे-भांडारकरांची नावे कागदावर राहिली असती. पण मुलींना दिसणारी रमाबाई एक आणि दाराआडची एक, असे दोन तुकडे झाले असते. ते त्यांना नको होते.

बॉस्टनकरांनी प्रकरणाची चौकशी केली. असोसिएशनच्या जुडिथ अँड्र्यूज पुण्यात येऊन सगळे पाहून गेल्या आणि असोसिएशन रमाबाईंच्या बाजूने उभी राहिली. चौकशीला रमाबाईंनी हरकत घेतली नाही, हा तपशील त्यांच्या चरित्रांत एका ओळीत उरकला जातो. तो तसा उरकण्यासारखा नाही. ज्याला आपल्या अंतःकरणाचा हवाला आहे, त्याला बाहेरच्या डोळ्यांची गरज नाही असे वाटू लागते. धर्मकार्य करणाऱ्यांत हा आजार फार. आपला हेतू देव जाणतो, मग तुम्ही कोण विचारणारे? रमाबाईंचा आपल्या हेतूवर विश्वास होता, पण वह्या, मुली, खोल्या, सगळे तपासायला त्यांनी मोकळे ठेवले.

तरीही एक काटा उरतो. त्यापुढच्या वर्षांत सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. टीकाकारांना आपले भाकीत खरे झाले असे वाटले. रमाबाईंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्यांनी ते दडवले नाही. ज्यांनी मुली परत नेल्या त्यांनी नेऊ दिल्या आणि ज्या राहिल्या त्या कोणाच्या हाती राहत आहेत हे जगाला माहीत होते. फसवणूक आणि प्रभाव यांतली रेघ बारीक असते. रमाबाई त्या रेघेच्या बऱ्याच जवळून चालल्या, पण उजेडात चालल्या.

हा स्वभाव एकाएकी आला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीत मोडून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, तेही पटकीने गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचा विचार घेऊन इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे खरी कसोटी लागली. हिंदू समाजाशी भांडणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. आता नव्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी भांडायचे होते. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या. चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली रमाबाई शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात परत गेल्यावर लोक काय म्हणतील, अशी त्यांची चिंता. रमाबाईंना हसू आणि राग दोन्ही आले असतील. ज्या बाईने भर सभांतून पुरुषांपुढे पुराणे सांगितली होती, तिला लोकापवादाची भीती घालणे! त्यांनी लिहून कळवले की पुरोहितांच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता ती दुसऱ्या जोखडात घालणार नाही. आपल्याला विवेक आहे, बुद्धी आहे आणि देवाने ती वापरायलाच दिली आहेत. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका होत्या, त्या त्यांनी मनात न ठेवता पत्रांतून उघड मांडल्या. सिस्टर जेराल्डिन दुखावल्या. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईने असे प्रश्न विचारायचे असतात का?

वाँटेजमध्ये त्यांच्या जेवणावरूनही कुरबुर झाली. रमाबाई शाकाहारी होत्या आणि इंग्लंडातही तशाच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. सिस्टर जेराल्डिनना यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी तो आरोप जवळजवळ हसत स्वीकारला. माझा गर्व शोधायचा तर माझ्या ताटात खुशाल शोधा, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले, पण ताट बदलले नाही. येशूच्या मागे जाणे म्हणजे इंग्रजांच्या पंगतीला बसणे नव्हे, हे त्यांना वयाच्या पंचविशीत स्पष्ट होते. तेव्हाच्या अनेक धर्मांतरितांना आणि त्याहून अधिक मिशनऱ्यांना ते नव्हते.

हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून छापला. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. रमाबाई जेराल्डिनना तोडत नाहीत. मतभेद कडाडून, पण पत्रे चालू. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून दोघींत जुंपली, तरी माया आटली नाही. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमक्ष सुनावले, ही हकीकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. ख्रिस्ती मंडळीत वडीलधाऱ्याला तोंडावर चूक दाखवण्याची परंपरा इतकी जुनी आहे. ती मंडळीने पुढे विसरण्याचा भरपूर प्रयत्न केला, हा भाग वेगळा.

पुण्याला प्लेग आला तेव्हा रमाबाई राज्यकर्त्यांशीही असेच वागल्या. १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात त्यांचे पत्र आले. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची कशी विटंबना होते, इस्पितळात तरुण मुलींची अब्रू कशी सुरक्षित नाही, हे त्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहिले. पत्राचे पडसाद इंग्लंडपर्यंत उमटले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावले. त्याच सुमारास इंग्लंडात असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या तक्रारी तिथे मांडल्या आणि पुरावा उभा करता न आल्याने परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. रमाबाई इंग्रज आणि अमेरिकन ख्रिस्ती माणसांच्या सदिच्छेवर संस्था चालवत होत्या. हिंदू समाज दूर गेला होता. आता सरकारला दुखवून त्यांच्या हाती काय लागणार होते? काहीच नाही. तरी सही केली. ज्या ‘केसरी’ने त्यांना झोडपले तोही प्लेगच्या जुलमाविरुद्ध लिहीत होता. त्या एका मुद्द्यावर दोघे एका बाजूला आले, याची त्या वेळी कोणी दखल घेतली असेल असे वाटत नाही.

आता केडगाव. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर हे गाव. इथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर माळरान घेतले होते. बॉस्टनची दहा वर्षांची हमी संपल्यावर फळबाग संस्थेला पोसेल, असा हिशेब होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि हिशेब बदलला. लहानपणी ज्यांनी स्वतः पाने खाऊन दिवस काढले, त्या बाईला घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास बायका-मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या माणसांना ठेवायला बंदी झाली, तेव्हा सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. आधी झोपड्या, मग एक एक इमारत. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे रीतसर उद्घाटन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसे दोन हजारांच्या घरात पोचली.

दोन हजार! रोज सकाळी इतक्या तोंडांना भाकरी लागते. विहिरी खणल्या, शेती धरली, दूध, भाजी, तेलघाणा, माग, शिवण, धुलाई, छापखाना. सगळी कामे बायकांच्या हाती. ज्यांना समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवले त्यांच्यासाठी कृपा सदन, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंध बायकांसाठी बार्तिमय सदन. अंध बायका ब्रेल वाचायला शिकल्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही योहानाच्या तेराव्या अध्यायातली गोष्ट प्रवचनातून हजारदा सांगितली जाते. केडगावला ती रोज घडत होती. दुष्काळातून आलेल्या मुली उवा, खरूज, जखमा घेऊन यायच्या. जी मुलगी काल आली तिला आंघोळ घालायला परवा आलेली मुलगी उभी राहायची. एकीच्या हातात दुसरीला सोपवायचे आणि तिच्या हातात तिसरीला, अशा साखळीनेच दोन हजारांचे घर चालते. पन्नास नोकर ठेवून चालत नाही. या साखळीतून रमाबाईंनी जबाबदाऱ्या खालपर्यंत पोचवल्या. कालची उपाशी मुलगी आज खोलीची प्रमुख व्हायची. हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाला हे जमत नाही, कारण त्याला चुका होऊ द्याव्या लागतात.

पैशाचे काय? १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, दहा वर्षांचे काम असोसिएशनपुढे ठेवले आणि असोसिएशन नव्याने बांधली गेली. या खेपेला केडगाव ख्रिस्ती संस्था आहे, हे कोणापासून लपवायचे नव्हते. जुनी धर्मनिरपेक्षतेची अट आता नव्हती. १८९३ च्या वादातून त्यांनी घेतलेला हा सर्वांत मोलाचा धडा म्हणावा लागेल. आधी सगळे सांगायचे, मग पैसे घ्यायचे. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या त्यांच्या नियतकालिकातून दूरदेशीच्या देणगीदारांना आश्रमातल्या घडामोडी कळत.

जेरुसलेमच्या गरिबांसाठी पौलाने ग्रीसमधल्या मंडळ्यांकडून निधी गोळा केला. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की ही रक्कम आपण एकटे नेणार नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू येईल, म्हणजे कोणी बोट दाखवायला जागा राहू नये. देवापुढे स्वच्छ असणे पुरेसे नाही, माणसांपुढेही स्वच्छ दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह. पौलासारखा माणूस साक्षीदार घेऊन पैसे नेतो आणि आज गावोगावचे ट्रस्ट, मग ते चर्चचे असोत, मंदिराचे असोत की शिक्षणसंस्थेचे, ताळेबंद विचारला की तोंड फिरवतात. ख्रिस्ती संस्थांना तर हे अधिकच लागू. त्यांच्या हातात ते पत्र दर रविवारी असते.

केडगावचा एक प्रश्न मात्र तिथल्या कर्तृत्वाने पुसला जात नाही. शारदा सदनातल्या मुलीला परत जायला घर होते, मग ते कसेही असो. दुष्काळातून आलेल्या मुलीला नव्हते. तिला अन्न, वस्त्र, अक्षर, प्रेम, सगळे एका जागेतून मिळत होते आणि ती जागा ख्रिस्ती होती. १९०५ मध्ये मुक्तीमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, गात. त्यांतल्या कित्येकींसाठी तो आयुष्यातला सर्वांत खरा क्षण असेल. पण नाही म्हणण्याची मोकळीक त्यांना किती होती? हा प्रश्न हिंदू टीकाकारांनी विचारला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. ख्रिस्ती माणसाने तो आधी विचारायला हवा, कारण येशूने कोणाला भाकरीच्या बदल्यात शिष्य केले नाही. भाकरीसाठी मागे आलेल्या गर्दीला त्याने तसे तोंडावर सांगितले. रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांनी मुलींच्या हाताला कसब दिले. विणणारी, खिळे जुळवणारी, शिकवणारी, शुश्रूषा करणारी बाई बाहेर जाऊन पोट भरू शकते. कोणाला कायमचे आपल्या दाराशी बांधून ठेवायचे असते तर छापखाना काढला नसता.

ज्यांच्या हाती निराधार माणसे असतात, त्यांच्या सत्तेला देवपण चिकटते. हे किती घातक ठरते हे फ्रान्समधल्या एका उदाहरणाने अलीकडे सर्वांना दाखवले. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांबरोबर एका घरात राहायला सुरुवात केली. त्यातून ‘लार्श’ ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. हयातीतच लोक त्यांना संत मानू लागले. २०१९ मध्ये ते वारले आणि २०२० च्या फेब्रुवारीत लार्शनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केले होते. त्या अहवालात अशा सहा स्त्रियांच्या हकीकती होत्या आणि २०२३ च्या सविस्तर अभ्यासात हा आकडा बराच वाढला. स्वतःच्या संस्थापकाची चौकशी स्वतः करायची आणि निकाल स्वतः जगाला सांगायचा, हे लार्शच्या मंडळींनी केले. त्यांच्या धैर्याला सलाम. पण इतकी वर्षे त्या खोल्यांची दारे बंद राहिली, कारण व्हानिएंना कोणी प्रश्न विचारत नव्हते. रमाबाईंना त्यांच्या हयातीत प्रश्न विचारणारे भरपूर होते. रानडे होते, जेराल्डिन होत्या, बॉस्टनकर होते, ‘केसरी’ तर होताच. त्या छळालाही संरक्षण म्हणावे लागते.

महाराष्ट्रात याच वाटेने चाललेले अलीकडचे नाव म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक, मराठी बायबलचे अनुवादक, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईकरांना ते आधी आठवतात हरित वसई संरक्षण समितीमुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचे जंगल येऊ घातले, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले आणि राजकारण गुंडांच्या हाती गेले, तेव्हा या धर्मगुरूने ख्रिस्ती, हिंदू, शेतकरी, मासेमार सगळ्यांना एकत्र आणले. धमक्या आल्या, तरी चळवळ थांबली नाही. आपल्या चर्चच्या लोकांसाठी नेतृत्व करणे सोपे, टाळ्या घरच्याच असतात. पाण्यासाठी उभे राहताना शेजाऱ्याचा धर्म विचारला नाही, म्हणून फादरांचे शब्द वसईबाहेरही ऐकले गेले. संमेलनाध्यक्ष म्हणून निवड झाल्यावर काहींनी त्यांच्या धर्मावरून ओरड केली. फादर पाठदुखीने बेजार होते, तरी उस्मानाबादला गेले आणि आपले म्हणणे मांडून आले. २०२४ मध्ये ते वारले.

रमाबाईंकडे परत येताना त्यांच्या शेवटच्या वर्षांचा उल्लेख करायलाच हवा. त्यांना बायबलचे मराठी भाषांतर जड, संस्कृतने लादलेले वाटे. केडगावच्या बायकांना ते समजत नसे. मग उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि नवे भाषांतर स्वतः करायला बसल्या. कोणाच्या मंजुरीसाठी थांबल्या नाहीत. शेतमजूर बाईला कळेल ते ठेवायचे, एवढेच माप. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे सगळे मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी केले. ज्या मुली दुष्काळातून अक्षरशून्य आल्या होत्या, त्यांच्यातल्याच काही जणींच्या हाताखालून ती पाने गेली. एका बाईने एकटीने संपूर्ण बायबलचे भाषांतर करावे, हे जगात फार थोड्या वेळा घडले आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथाला जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, ही खंत आहे.

त्या कामातच १९२१ चा जुलै आला आणि मनोरमा गेली. संस्था तिच्याकडे जायची होती. आईच्या हाताखाली तिने सगळा कारभार शिकून घेतला होता. चाळीस वर्षांची लेक गेल्यावर दुसऱ्या कोणीही हात आवरले असते. रमाबाईंनी लिसा हॅस्टी या सहकारी बाईकडे जबाबदारी सोपवली. नातेवाईक नाही, जात नाही, देश नाही. मुक्तीत राहून काम केलेली बाई, एवढी एकच पात्रता. वारसा घरात ठेवण्याचा मोह ज्या देशात राजकारण्यांपासून महाराजांपर्यंत कोणाला सुटत नाही, तिथे हे पुनःपुन्हा सांगितले पाहिजे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. भाषांतर पुरे झाले होते, छपाई चालू होती. पुरे बायबल १९२४ मध्ये छापून झाले आणि केडगावचे काम पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही चालू आहे.